परजीवी पोचतो, पण रोग रुजतो का?

बस्तरच्या जंगलपट्ट्यात काम करून दुर्ग जिल्ह्यातल्या चरोद्याला परतलेल्या माणसाला दोनेक आठवड्यांनी हुडहुडी भरून ताप येतो. रक्त तपासलं की हिवताप निघतो. घरात बायको आहे, मुलं आहेत, म्हातारी आई आहे; सगळी त्याच दोन खोल्यांत झोपणारी. त्यांना मात्र काही होत नाही. याच घरात एकाला फ्लू झाला असता तर चार दिवसांत सगळं घर शिंकत असतं. मग हिवताप का पसरला नाही? डास तर चरोद्यातही आहेत, आणि चांगले भरपूर आहेत.

हाच प्रश्न थोडा लांब नेऊ. नागपूर जिल्हा हत्तीरोगाचा, म्हणजे फायलेरियाचा. छत्तीसगडातल्या बऱ्याच जिल्ह्यांतही तो आहे. या भागातली मुलं-मुली शिकून लंडन, न्यू जर्सी, सिडनी गाठतात आणि तिथे वर्षानुवर्षं राहतात. काहींच्या रक्तातून फायलेरियाचे जंतही विमानाने गेले असणार. तरी लंडनमध्ये कुणा शेजाऱ्याचा पाय सुजल्याचं ऐकू येत नाही.

परजीवी एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचणं आणि तिथे रोग रुजणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली रोज घडते, दुसरी क्वचित. मात्र ज्याच्या अंगात परजीवी पोचला त्याच्यासाठी पहिली घटनाच पुरेशी असते. त्याचा आजार ओळखायचा असतो अशा डॉक्टरांनी, ज्यांनी तो आजार कदाचित पुस्तकाबाहेर कधी पाहिलेलाच नसतो.

एका वाघिणीने गाडी होत नाही

दुसऱ्या जिवाच्या अंगात राहून त्याच्यावरच जगतो तो परजीवी. काही परजीवी एकपेशीय असतात, जसा हिवतापाचा. काही चांगले हातभर लांब जंत असतात. फ्लूच्या विषाणूला एका माणसातून दुसऱ्यात जायला एक शिंक पुरते. बहुतेक परजीवींना मात्र मधे निरनिराळे मुक्काम करावे लागतात, आणि तेही ठरलेल्या क्रमाने.

चरोद्याच्या भिलाई मार्शलिंग यार्डाजवळ राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. कुठली तरी वाघीण, म्हणजे मालडबा, यार्डात आली म्हणजे गाडी सुटली असं होत नाही. ती एका बाजूच्या रुळावर नुसती उभी असते. पुढच्या-मागच्या वाघिणी जोडल्या गेल्या, इंजिन लागलं, शेवटी गार्डचा डबा लागला आणि सिग्नल मिळाला, तर मालगाडी हलते. यातलं एक जरी कमी असलं तरी वाघीण जागच्या जागी.

हिवतापाच्या परजीवीचा रेक, म्हणजे डब्यांची माळ, असा लागतो. माणसाच्या अंगात तो आधी यकृतात वाढतो, मग रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतो. तिथे त्याची नर आणि मादी रूपं तयार होतात. ती रक्तात असताना अ‍ॅनोफिलिस जातीच्या डासाच्या मादीने त्याच माणसाला चावायला हवं. घराजवळच्या गटारात वाढणारे क्युलेक्स डास इथे कामाचे नाहीत. त्यांच्या पोटात हा परजीवी टिकत नाही. डासाच्या अंगात परजीवीची वाढ व्हायला आपल्याकडच्या उबेत साधारण दहा-बारा दिवस लागतात, आणि डासाचं आयुष्यच मुळात तेवढंसं असतं. तापमान १८ अंशांच्या खाली राहिलं तर हिवतापातल्या सर्वांत घातक जातीची, फाल्सिपेरमची, डासातली वाढ थांबते. एवढं सगळं पार पाडून जिवंत राहिलेल्या डासाने पुन्हा दुसऱ्या माणसाला चावलं, तर रोग एक घर पुढे सरकतो.

बस्तरच्या जंगलात, ओढ्यांच्या काठी, हे सगळे डबे जोडूनच उभे असतात. चरोद्याच्या घरात ते सहसा जुळत नाहीत. त्यातून रुग्णाला वेळेवर औषध मिळालं तर गाडी तिथेच अडते. जिथे ही साखळी बारा महिने चालू राहते, तो त्या रोगाचा मुलूख. बाकी ठिकाणी आढळतो तो बाहेरून आलेला रुग्ण. या अर्थाने ‘बाहेर’ सुरू व्हायला पासपोर्ट लागत नाही. हिवतापासाठी बस्तर सोडून दुर्गच्या मैदानात उतरलं तरी बराच फरक पडतो.

मध्यरात्रीचं रक्त

फायलेरियाच्या भागात आरोग्य कर्मचारी रक्त घ्यायला रात्री येतात, लोक जेवणं आटोपून झोपायच्या बेतात असताना. दिवसा का येत नाहीत, अशी कुरकुर दर वेळी होते. कारण जंतांच्या सवयीत आहे.

या जंताचे नर-मादी माणसाच्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं पाझरलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांत राहतात. त्यांची पिल्लं रक्तात उतरतात. दिवसभर ती फुप्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दबा धरून असतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, हातापायांच्या रक्तात मोठ्या संख्येने फिरायला येतात. त्यांना नेणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. दुपारी बोट टोचलं तर त्या थेंबात एकही पिल्लू नसेल, आणि अहवालावर ‘काही आढळलं नाही’ असं लिहून येईल.

रात्री घेतलेले रक्ताचे थेंब काचपट्टीवर जाडसर पसरून वाळवतात. नंतर ती पट्टी साध्या पाण्यात बुडवली की तांबड्या पेशी फुटतात, लाल रंग निघून जातो आणि काचेवर एक फिकट डाग उरतो. मग रंगद्रव्य घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पिल्लू जेमतेम पाव मिलिमीटर लांब असतं, सहज वळण घेतलेलं, अंगावर पारदर्शक म्यान. अंगभर जांभळे ठिपके दिसतात, पण शेपटीच्या टोकाला ठिपका नसतो. तपासनीस त्या टोकाकडेच बघतो. आपल्याकडच्या नेहमीच्या फायलेरियाच्या जंताची ती ओळख आहे. दुसऱ्या जातीच्या जंतात शेपटीच्या टोकापर्यंत ठिपके असतात.

आता अंगात हे जंत असलेला माणूस लंडनला गेला तर? तिथली रात्र आपल्यापेक्षा साडेचार-साडेपाच तास उशिरा होते. १८८१ साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी फायलेरियाच्या एका रुग्णाला दिवसा झोपवायला आणि रात्री जागं ठेवायला सुरुवात केली. काही दिवसांत जंतांच्या पिल्लांनीही वेळ बदलली. ती दिवसा रक्तात दिसू लागली. पिल्लं भिंतीवरचं घड्याळ पाळत नाहीत, यजमानाची झोप पाळतात. म्हणून परदेशी गेलेला माणूस तिथल्या वेळेला रुळला की त्याचं रक्त तिथल्या मध्यरात्री घ्यावं लागतं. तिथल्या डॉक्टरला याशिवाय रुग्ण कुठला हेही कळायला हवं. आफ्रिकेतल्या लोआ लोआ या जंताची पिल्लं उलट दिवसा रक्तात येतात. रुग्णाचा मुलूख चुकला तर सुई चुकीच्या वेळी टोचली जाते. आता जंताने रक्तात सोडलेले पदार्थ ओळखणाऱ्या झटपट चाचण्या निघाल्या आहेत आणि त्या दिवसाही चालतात. पण ती चाचणी सांगायला डॉक्टरच्या मनात आधी फायलेरिया यावा लागतो.

लंडनमध्ये हा रोग का रुजत नाही? डासाच्या चाव्यातून अंगात शिरलेल्या एका अळीचा एकच जंत होतो. तो अंगात स्वतःची संख्या वाढवू शकत नाही. पिल्लं होण्यासाठी नर आणि मादी दोन्ही पोचून त्यांची एकमेकांशी गाठ पडायला हवी. त्यासाठी महिनोन्‌महिने अनेक संसर्गी डास चावावे लागतात. पंधरा दिवसांच्या पर्यटकाला म्हणूनच फायलेरिया सहसा होत नाही, आणि थोड्याशा रुग्णांमुळे थंड देशात साखळी तयार होत नाही. गेलेल्या माणसाच्या अंगात मात्र जंत पाच-सात वर्षं सहज जगतात.

‘परदेशी कुठे? घरी गेलो होतो’

ब्रिटनमध्ये २०२३ साली हिवतापाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. जवळजवळ सगळे बाहेरून आलेले, बहुसंख्य आफ्रिकेतून. त्यांच्यात सर्वांत मोठा गट पर्यटकांचा नव्हता. ब्रिटनमध्ये स्थायिक होऊन आपल्या मूळ देशी नातेवाइकांकडे जाऊन आलेल्या लोकांचा तो गट होता.

मराठी कुटुंबांनाही हे लागू होतं. उन्हाळी सुटीत मुलांना घेऊन आजोळी आलेली सून मच्छरदाणी लावत नाही, डासांचं मलम लावत नाही, प्रतिबंधक गोळ्यांचा तर विचारही करत नाही. लहानपणी इथेच वाढलो, आपल्याला काय होणार, हा भरवसा असतो. हिवतापाच्या मुलखात सतत राहणाऱ्याला थोडी प्रतिकारशक्ती येते हे खरं, पण ती अर्धवट असते आणि मुलूख सोडला की काही वर्षांत ओसरते. परदेशात जन्मलेल्या मुलांना तर ती कधी मिळालेलीच नसते. परत गेल्यावर ताप आला आणि डॉक्टरने ‘परदेशी गेला होता का?’ असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘नाही, घरी गेलो होतो.’

वेळेचाही घोळ असतो. फाल्सिपेरमचा ताप बहुधा चावल्यानंतर एक ते चार आठवड्यांत येतो. व्हायवॅक्स या जातीचा परजीवी मात्र यकृतात झोपून राहू शकतो आणि कित्येक महिन्यांनी, कधी वर्षाने, उठतो. जुलैमध्ये गोंदियाहून परतलेल्याला पुढच्या मार्चमध्ये बर्फात ताप भरला तर गोंदिया कुणाला आठवणार? रक्तातला परजीवी मारणाऱ्या औषधाने ताप उतरतो, पण यकृतात झोपलेला मरत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन वेगळं घ्यावं लागतं, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे चौदा दिवस. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून पाकीट ठेवून देणाऱ्याला तो पुन्हा गाठतो.

शिवाय पहिल्या तपासणीत परजीवी दिसला नाही म्हणजे हिवताप नाही असंही नसतं. त्यांची संख्या घटकेत चढते, घटकेत उतरते. म्हणून संशय असेल तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने रक्त पुन्हा-पुन्हा, निदान तीनदा तपासतात. फाल्सिपेरम दिवसा-दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. म्हणूनच ‘फ्लू असेल, बघू’ म्हणणं महागात पडतं.

गिमवीतली गोगलगाय, कॉर्सिकातली नदी

आता अशी उदाहरणं, जिथे बाहेरच्या वाघिणीला अनोळखी यार्डातही बाकीचे डबे मिळाले.

आफ्रिकेत आणि अरबस्तानात एक आजार पूर्वापार आहे, ज्यात लघवीतून रक्त जातं. १८५१ साली कैरोमध्ये थिओडोर बिल्हार्झ यांनी त्याचा जंत शोधला, म्हणून तो बिल्हार्झिया. जंताची जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहते. तिची अंडी लघवीतून पाण्यात पडतात आणि फुटतात. बाहेर पडलेल्या अळीला ठरावीक जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती काही तासांत मरते. सापडली तर गोगलगायीत एकीच्या हजारो अळ्या होतात, त्या पाण्यात सुटतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात.

आफ्रिकेत हे काम करणारी गोगलगाय बुलायनस. ती भारतात नाही. पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि मेसोपोटेमियात गेलेले सैनिक हा आजार घेऊन परत येतील आणि तो इथल्या तळ्यांत पसरेल, अशी धास्ती तेव्हाच्या शास्त्रज्ञांना होती. इथल्या गोगलगायी तपासल्या गेल्या. भीती खरी ठरली नाही. देशभरात रोग रुजला नाही.

असं असताना १९५२ मध्ये आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात बिल्हार्झियाचे रुग्ण असल्याचं प्रसिद्ध केलं. गाव गुहागर तालुक्यातलं. हे लोक आफ्रिकेला गेलेले नव्हते, गावातच आजारी पडलेले होते. म्हणजे गोगलगायीचा मुक्काम गावातच कुठे तरी असणार. शहा आणि गाडगीळांनी ओढ्याच्या पाण्यातल्या फेरिसिया टेन्युइस या गोगलगायीकडे बोट दाखवलं. नेहमीच्या गोगलगायीसारखा गुंडाळलेला शंख तिला नसतो. काही मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची, दगडाला किंवा पानाला चिकटलेली. सहज नजरेतून सुटणारी. तिच्या भूमिकेवर पुढे वादही झाले. कोकण किनारा शतकानुशतकं अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेशी व्यापाराने जोडलेला होता. त्या वाटेने परजीवी आला असावा असा एक अंदाज मांडला जातो. गिमवी हे मोठ्या देशातलं एक छोटं बेट राहिलं. भारताची गणना आजही बिल्हार्झियाच्या देशांत होत नाही.

असंच साठ वर्षांनी युरोपात घडलं. २०१४ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या काही कुटुंबांत मुलांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. यातलं कुणी आफ्रिकेला गेलं नव्हतं. प्रवासाच्या नोंदी जुळवल्यावर एक गोष्ट सगळ्यांत सारखी निघाली: २०१३ च्या उन्हाळ्यात ही मंडळी फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर कावू नदीत पोहली होती. शंभराहून अधिक लोकांना संसर्ग झाल्याचं पुढे कळलं. जनुकीय तपासणीत परजीवीचं नातं पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलशी जुळलं. कुणा संसर्ग झालेल्या माणसाने नदीत लघवी केली असेल, एवढंच. एरवी गोष्ट तिथेच संपली असती. पण कॉर्सिकात बुलायनस गोगलगाय पूर्वीपासून आहे आणि उन्हाळ्यात नदीचं पाणी पुरेसं कोमट होतं.

या आजाराचं निदानही वेळेला बांधलेलं. अंडी लघवीतून सर्वांत जास्त पडतात ती दुपारी, साधारण दहा ते दोनमध्ये. म्हणून नमुना दुपारचा घेतात. अंड्याच्या एका टोकाला अणकुचीदार काटा असतो. तो दिसला की शंका उरत नाही. फायलेरियाला रात्री बारा, बिल्हार्झियाला दुपारी बारा: तपासणीची वेळ परजीवी ठरवतो.

डबे टाकून निघालेला परजीवी

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला येऊन-जाऊन ताप येत होता. पाच महिने हे चाललं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लोकांच्या भाषेत ‘मेडिकल’मध्ये, त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा तांबड्या पेशींच्या मधून वळवळणारे, शेपटीवाले, माशासारखे जीव दिसले. हे ट्रिपॅनोसोम. माणसाच्या रक्तात असे जीव म्हणजे आफ्रिकेतला निद्रारोग, असंच पुस्तकात असतं. पण निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी भारतात नाही, आणि हा माणूस आफ्रिकेला कधी गेलेला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरांना मात्र हा जीव अनोळखी नव्हता. गुराढोरांना, घोड्यांना, उंटांना होणारा सर्रा रोग त्याच्या एका जातीमुळे होतो. ती ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबात शोधली; तिचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या तज्ज्ञांबरोबर जनुकीय तपासण्या केल्या आणि हा सर्राचाच परजीवी असल्याचं नक्की केलं. माणसातला असा पहिला सिद्ध झालेला रुग्ण म्हणून तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

यात दोन कोडी आहेत. पहिलं, आफ्रिकी कुळाचा हा परजीवी भारतात आला कसा? त्याच्या आफ्रिकेतल्या भावंडांना वाढीसाठी त्सेत्से माशीच्या पोटातला मुक्काम लागतो, म्हणून ती माशीच्या मुलखातच अडकून पडली. इव्हान्सायने आपल्या जनुकांचा एक भाग गमावला आणि त्याबरोबर त्सेत्सेत वाढण्याची क्षमताही. पण त्याला तिची गरजच उरली नाही. जनावरांना चावणारी कोणतीही मोठी माशी एका जनावराचं रक्त पिताना मधेच उडाली आणि लगेच दुसऱ्याला चावली, की तिच्या तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तातून तो पुढे जातो. मधला मुक्काम गाळल्यामुळे उंटांबरोबर, घोड्यांबरोबर तो आशिया आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचला. २००६ मध्ये फ्रान्समध्ये आणि २००८ मध्ये स्पेनमध्ये कॅनरी बेटांहून आणलेल्या उंटांबरोबर तो युरोपच्या मुख्य भूमीवरही उतरला. तिथे वेळीच आटोक्यात आणला गेला. लांबच लांब रेक लागणारा रोग फारसा हलत नाही. एका इंजिनावर एकटी वाघीण नेता आली, तर ती कुठेही जाते.

दुसरं कोडं: गावोगाव सर्रा झालेली जनावरं असताना माणसाला तो का होत नाही, आणि याच माणसाला का झाला? आपल्या रक्तात अ‍ॅपोएल-१ नावाचं एक प्रथिन असतं. ट्रिपॅनोसोम ते गिळतो. आत गेल्यावर हे प्रथिन त्याच्या पचनाच्या पिशवीच्या पडद्याला भोकं पाडतं. पिशवी फुगत जाते आणि जीव मरतो. ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की या शेतकऱ्याला आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या, या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. त्याच्या रक्तद्रवात ते प्रथिन बाहेरून मिसळलं तेव्हा ट्रिपॅनोसोम मेले. मात्र २०१६ मध्ये व्हिएतनाममधल्या एका स्त्रीचा आजार प्रसिद्ध झाला. तिला हाच संसर्ग झाला होता आणि तिचं प्रथिन व्यवस्थित होतं. म्हणजे कवच शाबूत असलं तरी धोका पूर्ण टळत नाही.

गावात आणखी कुणाला लागण आहे का हे पाहायला १,८०६ जणांचं रक्त तपासलं गेलं. बऱ्याच जणांत संपर्काच्या खुणा दिसल्या. त्या ठळक असलेल्या ६० जणांच्या रक्तात प्रत्यक्ष परजीवी शोधला. एकातही सापडला नाही.

उपचाराचं औषधही सहज मिळण्यासारखं नव्हतं. सुरामिन हे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बनलेलं. ते जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळालं. सुरामिन मेंदूत शिरत नाही, म्हणून परजीवी मेंदूत गेलेला नाही याची पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून आधी खात्री करून घ्यावी लागली. रुग्ण बरा झाला. या घटनेत रुग्ण घरीच होता, आणि परदेशातून आलं ते ज्ञान आणि औषध. रोगाच्या मुलखाबाहेर निदान करताना हेच नेहमी लागतं: वेगळं दिसलं तर ते वेगळं आहे असं मान्य करणारा तपासनीस, आणि विचारायला कुणी तरी जाणकार.

आयुष्यभराचा भाडेकरू

शेवटी एक असा जंत, ज्याला साखळीच लागत नाही. स्ट्रॉन्जिलॉइड्सच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात आणि आतड्यात वस्ती करतात. बहुतेक जंतांची पिल्लं बाहेर पडल्याशिवाय मोठी होत नाहीत; याची काही पिल्लं आतड्यातच तयार होऊन पुन्हा त्याच माणसात शिरतात. त्यामुळे एकदा झालेली लागण औषधाशिवाय संपतच नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रिटिश युद्धकैद्यांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वे बांधायला जुंपलं होतं. यातले काही जण मायदेशी परतल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही अंगावर सरकत्या लाल खाजऱ्या रेषा दाखवायचे. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत तपासल्यावर त्यांच्यात हा जंत निघाला. एरवी तो फारसा त्रास देत नाही. पण दमा, संधिवात किंवा कोविडसाठी मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू केलं की प्रतिकारशक्ती दबते, अळ्या बेसुमार वाढून अंगभर पसरतात आणि जीव जाऊ शकतो. रक्तपेशींच्या मोजणीच्या, म्हणजे सीबीसीच्या, कागदावर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा कारणाशिवाय वाढलेला असेल, तर स्टेरॉइडआधी याची तपासणी करावी, असं जाणकार सांगतात. उपचार म्हणजे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. अवघड काही नाही. अवघड आहे ते, तरुणपणी आपण कुठल्या चिखलात अनवाणी काम केलं हे सत्तराव्या वर्षी डॉक्टरांना सांगायचं सुचणं.

निदान अडतं कुठे?

वरची सगळी उदाहरणं एकत्र ठेवली तर यंत्राची किंवा औषधाची कमतरता हे पहिलं कारण दिसत नाही. काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि रंगद्रव्य जगभर मिळतं. निदान अडतं ते त्याआधी, रुग्ण आणि डॉक्टर यांच्या बोलण्यात. कावू नदीत पोहलेल्या मुलांच्या बाबतीत ‘आफ्रिकेला गेला होतात का?’ हा प्रश्न विचारून काहीच हाती लागलं नसतं. ‘गेल्या वर्षभरात कुठल्या नदीत, तळ्यात उतरलात?’ हे विचारल्यावर लागलं. चंद्रपूरच्या शेतकऱ्याच्या बाबतीत प्रवासाचा काही संबंधच नव्हता. तिथे जनावरांशी असलेला संबंध महत्त्वाचा होता. सयामच्या कैद्यांच्या बाबतीत चाळीस वर्षांपूर्वीचं काम.

चरोद्यासारख्या रेल्वेच्या गावात हे जास्तच खरं. इथे विदर्भातून, ओडिशातून, बिहारमधून आलेली माणसं राहतात, लोहखनिजाच्या खाणींकडे आणि बस्तरच्या जंगलाकडे जाणारी-येणारी माणसं राहतात. भिलाईतल्या सेक्टर-९ च्या इस्पितळात किंवा गल्लीतल्या दवाखान्यात तापाचा रुग्ण आला की त्याचं घर चरोद्यात आहे एवढ्यावर थांबून चालत नाही.

चौकट: ताप आला, तर डॉक्टरांना काय सांगाल?

• गेल्या वर्षभरात कुठे राहिलात, अगदी ‘गावी’, ‘आजोळी’ किंवा कामासाठी जंगलात गेला असाल तरीही. परदेशात असाल तर भारतभेट हाही प्रवासच.

• कधी परतलात याची तारीख. हिवतापाच्या मुलखातून येऊन महिना झाला नसेल तर ताप अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एका तपासणीत काही निघालं नाही तरी पुन्हा तपासायला जा.

• नदी, तळं, ओढा यांत उतरलात का; ओल्या मातीत अनवाणी चाललात का.

• घरी गुरं, बकऱ्या, घोडे आहेत का. त्यांच्यात आजारपण आहे का.

• पूर्वी हिवताप, फायलेरिया झाला होता का आणि गोळ्या पूर्ण घेतल्या का. प्रायमाक्विन मधेच सोडलं असेल तर तेही सांगा.

• स्टेरॉइड सुरू होणार असेल तर जुन्या सीबीसीचे कागद बरोबर न्या.

• तपासणी रात्री किंवा दुपारीच करायला सांगितली तर ती वेळ पाळा. सकाळी उरकून घेतलेला नमुना वाया जाऊ शकतो.